तुम्ही विचारलंत म्हणून: भीती आधी कानात शिरते

"भयपट आणि आर्ट पॉप, दोन्ही एकाच माणसाला कसं आवडतं? आणि सुरुवात कशापासून करायची?" बेळगावच्या टिळकवाडीपासून खानापुरापर्यंत हाच प्रश्न येतो. (आर्ट पॉप म्हणजे नेहमीच्या गाण्याची चौकट मोडून प्रयोग करणारं पॉप.) माझं उत्तर एका अल्बममध्ये आहे: इंग्लिश गायिका केट बुशचा 1985 चा 'हाउंड्स ऑफ लव्ह'.

त्याचं शीर्षकगीत सुरूच होतं एका भयपटातल्या घाबऱ्या आरोळीने. तो चित्रपट 1957 चा 'नाइट ऑफ द डेमन'. अल्बमची दुसरी बाजू 'द नाइन्थ वेव्ह' म्हणजे सात गाण्यांची एकच गोष्ट. रात्र, समुद्र, पाण्यावर एकटीच तरंगणारी बाई. डोळा लागला की संपलं. 'हॅलो अर्थ'मध्ये मध्येच सगळं थांबतं आणि पुरुषांचा खर्जातला कोरस उठतो. ती जॉर्जियातली लोकधून, 'त्सिंत्सकारो'. बुशला ती सापडली जर्मन दिग्दर्शक हर्झॉगच्या 1979 च्या 'नोस्फेरातू' या भयपटात. म्हणजे या दोन आवडी वेगळ्या नाहीतच.

ही बाजू साधारण 26 मिनिटांची. शफल बंद करा, नाहीतर गोष्टच मोडते. इअरफोन दोन्ही कानांत हवेत; एकच घातलात तर 'वेकिंग द विच'मधले इकडून तिकडून हाका मारणारे आवाज अर्धेच पोचतात.

आता चित्रपट. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन'ची (1978) धून त्याने स्वतःच बांधली. ती पाचाच्या ठेक्यात आहे. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीच्या मुलखात मात्रा मोजायला कुणाला शिकवायला नको, तेव्हा मोजूनच बघा: पाचाच्या दुप्पट मोजल्या तर मात्रा झपतालाएवढ्याच, दहा, पण 2-3-2-3 अशा नाहीत, 3-3-2-2 अशा. पहिले दोन तुकडे लांब, पुढचे दोन आखूड. पाऊल टाकायला जावं आणि जमीन थोडी आधीच लागावी, तसं होतं. पडद्यावर काहीही घडत नसताना जीव अस्वस्थ होतो तो यामुळे. माझ्या मते किंकाळ्यांपेक्षा हे कितीतरी मोठं काम आहे. 'सायको'मध्ये (1960) संगीतकार बर्नार्ड हरमनने नुसती तंतुवाद्यं वापरली. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीतच नको, असं आधी दिग्दर्शक हिचकॉकच्या मनात होतं.

आणि 'तुंबाड' (2018). त्यातला पाऊस खरा आहे, चित्रीकरण कित्येक पावसाळे चाललं. म्हणूनच तो आषाढात बघावासा वाटतो, आणि तिथेच फसतं. जांबोटीकडे पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर वाड्यातली हलकी कुजबुज बुडून जाते. मग लोक आवाज वाढवतात, आणि त्यातला राक्षसी हस्तर आला की कान फुटतात. त्यापेक्षा वायरचा हेडफोन लावा. टीव्हीवरचा 'नाइट मोड' काढा. तो हळू आणि मोठा आवाज एका पातळीवर आणतो, मग दचकायला उरतंच काय? हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद करा, त्याने चित्रपट मालिकेसारखा दिसतो. समोरची ट्यूबलाइट विझवा, नाहीतर काळोखाच्या जागी काचेत स्वतःचाच चेहरा दिसेल. लाइटचा भरवसा नसेल तर आधीच डाउनलोड करून ठेवा.

बुश मात्र पाऊस उघडल्यावर, पहाटेच्या आधी ऐका. शेवटचं गाणं 'द मॉर्निंग फॉग' आहे. त्याच्यामागून दुसरं काही लागू नये म्हणून ऑटोप्ले आधीच बंद केलेलं बरं.