हा बाण कशावरून काढलास?

घरी मराठी आणि दारी गुजराती अशा बडोद्यात वाढलेल्या आम्हां मुलींना विज्ञानाची परिभाषा मिळाली ती आमच्या शाळेत. ‘अंतर्द्रव्यजालिका’ हा शब्द, म्हणजे पेशीतले प्रथिने बनवणारे पडद्यांचे जाळे, मी प्रथम नववीत, विज्ञानाच्या बाईंच्या ठाशीव उच्चारात ऐकला. पेशीची नामनिर्देशित आकृती मी मन लावून काढली होती आणि शोभेसाठी अंतर्द्रव्यजालिकेपासून गॉल्जी संकुलापर्यंत, म्हणजे प्रथिने पुढे धाडणाऱ्या चपट्या पिशव्यांच्या थरापर्यंत, व तेथून पेशीपटलापर्यंत प्रथिनांची वाट दाखवणारे लाल पेन्सिलीचे बाणही दाखवले होते. वही पाहून बाईंनी एवढेच विचारले, “हा बाण कशावरून काढलास?” पुस्तकात आहे, असे मी म्हणाले. “पुस्तकात ज्यांनी काढला, त्यांनी तो कशावरून काढला?” याचे उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हते, आणि तसे त्यांनी वर्गासमोर सांगितले.

उत्तर मला महाविद्यालयात मिळाले. 1960 च्या दशकात जॉर्ज पलाडे आणि जेम्स जेमिसन या शास्त्रज्ञांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना किरणोत्सारी ल्युसीन (प्रथिनांचा एक घटक) अवघी 3 मिनिटे दिले, मग साधे ल्युसीन देऊन नव्याने बनलेल्या प्रथिनांचा माग काढला. ती आधी खडबडीत अंतर्द्रव्यजालिकेत, सुमारे 20 मिनिटांनी गॉल्जी परिसरात आणि दोनएक तासांनी स्रावकणांत, म्हणजे पेशीबाहेर पडायला तयार असलेल्या साठ्यांत, आढळली. माझ्या बाणाला दिशाच नव्हे, वेळही होती! त्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी जाऊन हे सांगितले, तेव्हा त्यांनी तो प्रयोग दोनदा समजावून घेतला.

पीएच.डी.ला मी यीस्टकडे वळले. रँडी शेकमन आणि पीटर नोविक यांनी एखाद्या जनुकात बिघाड असलेले असे यीस्ट शोधले होते, की ज्यांच्या पेशी 25 अंशांना नीट वाढतात, पण 37 अंशांना त्यांची प्रथिनवाहतूक थांबते. बाहेर न पडलेल्या प्रथिनांमुळे या पेशी जड होतात, म्हणून घनतेवरून त्या वेगळ्या करता आल्या, आणि 1980 पर्यंत या वाहतुकीला लागणारी 23 जनुके हाती आली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तशी पेशी मी प्रथम पाहिली, तेव्हा ती प्रथिने वाहून नेणाऱ्या, पण अडकून पडलेल्या इवल्या पिशव्यांनी गच्च भरलेली होती. आमच्या लहानपणी अनंत चतुर्दशीला सूरसागर तलावाकडे निघालेल्या मिरवणुका मांडवीपाशी खोळंबत, त्याची मला आठवण झाली. त्या 23 जनुकांतल्या एकाचे प्रथिन आणि जेम्स रॉथमन यांना प्राण्यांच्या पेशींत स्वतंत्रपणे सापडलेले प्रथिन एकच निघाले, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. शेकमन, रॉथमन आणि थॉमस सुडॉफ यांना 2013 चे नोबेल मिळाले, तेव्हा पहिला फोन मी बाईंनाच केला.

सध्या मी प्रोकोलॅजेनवर काम करते. त्वचा आणि हाडे ज्याच्या आधारावर उभी असतात त्या कोलॅजेनचे हे पूर्वरूप सुमारे 300 नॅनोमीटर लांब आणि काठीसारखे ताठ असते, तर अंतर्द्रव्यजालिकेतून प्रथिने नेणाऱ्या नेहमीच्या पिशव्यांचा व्यास 100 नॅनोमीटरही नसतो. मग ते बाहेर पडते कसे? पिशवी मोठी होते, की दोन कप्प्यांमध्ये तात्पुरता बोगदा तयार होतो, यावर अजून एकमत नाही. प्रयोगशाळेतल्या फळ्यावर मी ही वाट काढून ठेवली आहे, आणि तिथला बाण तुटक रेषेचा आहे.