खाल्लेलं लिहायची वही

सातारा, १३ जानेवारी २०२६, मंगळवार. भोगी.

पहाटे पाच: चहा एक, बिनसाखरेचा. भिजवलेले शेंगदाणे, मूठभर.
साडेनऊ, दहिवडी स्टँड: तीळ लावलेली बाजरीची भाकरी एक, भोगीची भाजी दोन वाट्या, मुळा, लोण्याचा गोळा सुपारीएवढा.
दुपारी तीन, घरी: राळ्याचा भात एक वाटी, पुन्हा भाजी, ताक.

एवढं लिहिलं आणि पान उलटलं, तर पुढे चारच कोरी पानं उरलेली. ही चौथी वही. चौदा महिने मी यात फक्त खाल्लेलं लिहीत आलो. भाकरी किती, भात किती, चहा किती. पण मागची पानं चाळली की भाकरीच्या शेजारी कुणी ना कुणी माणूस दिसतो, आणि त्यांच्याबद्दल मी एक ओळही लिहिलेली नाही. उरलेली पानं त्यांची.

आज पोटावरून पट्टा ओढताना शेवटून तिसऱ्या भोकात बसला. २०२४च्या नोव्हेंबरात माझं वजन ९६ किलो होतं, उंची पाच फूट सहा इंच. एसटीच्या सीटवर बसलो की पोट स्टिअरिंगला घासायचं, म्हणून सीट मागे सरकवायची आणि मग क्लचवर पाय पुरा पोचायचा नाही. रात्री घोरायचो. सकाळी उठलो तरी झोप झाल्यासारखी वाटायची नाही. आणि दुपारच्या फेरीला डोळे जड व्हायचे. हे शेवटचं मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा पुसेगावच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, डोळा लागला. किती वेळ ते सांगता येणार नाही. दोन सेकंद असतील. मागून कंडक्टरताईंची हाक आली, "दादा!" एवढीच. मी सावरलो. गाडीत पन्नासेक माणसं होती, पुढच्या सीटवर एक बाई बाळाला पाजत होती. स्टँडला गाडी लावल्यावर माझे हात थरथरत होते. ताईंनी त्याबद्दल डेपोत कुणाला सांगितलं नाही. डबा उघडून माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "दादा, सकाळी घरातनं काय खाऊन निघता?"

मी खरं सांगितलं. चहा-खारी. मग स्टँडवर वडापाव दोन, पुन्हा चहा. दुपारी ताट भरून भात, आमटी, वर भजी. ताईंनी ऐकून घेतलं. "उद्यापास्नं दोघांचा डबा एकत्र उघडायचा," म्हणाल्या, "आधी भाजी आन् कोशिंबीर संपवायची, मग भाकरी, भात शेवटी." त्यांच्या सासऱ्यांना साखर आहे, तेव्हा घरात ही पद्धत लागलेली. भाजी आधी खाल्ली की जेवणानंतर साखर एकदम चढत नाही, हे मला पुढे डॉक्टरबाईंनीही सांगितलं. पण मला ते शिकवलं ताईंनी, स्वतःच्या डब्यातली मेथी माझ्या झाकणात काढून. आमची जोडी महिन्यातले बरेच दिवस एकत्र लागते. जोडी नसेल त्या दिवशीही त्या सकाळी विचारतात, "खाऊन आलाय न्हवं?"

डॉक्टरबाईंकडे मी गेलो तो त्या पुसेगावच्या दिवसामुळेच. त्या काही रागावतील, औषधं लिहून देतील, असं मनात धरून गेलो होतो. त्यांनी कमरेला टेप लावला. ११२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९०च्या आत हवी, म्हणाल्या. रक्ताचा रिपोर्ट आला, तीन महिन्यांच्या साखरेचा, एचबीए१सी ६.३. साडेसहापासून मधुमेह धरतात, म्हणजे मी उंबऱ्यावर उभा होतो. मग त्यांनी टेबलावरची एक शंभर पानी वही माझ्याकडे सरकवली. "सात दिवस जे खाल ते सगळं लिहा. काही बदलू नका, कमी खाऊ नका, मला चांगलं वाटावं म्हणून खोटं लिहू नका. फक्त लिहा." तीच पहिली वही. आजही कपाटात आहे, कव्हरावर डिझेलचा डाग असलेली.

सात दिवसांनी गेलो तेव्हा त्यांनी एकाही पदार्थावर लाल रेघ मारली नाही. चहा मोजले. दिवसाला नऊ. स्टँडवरच्या कपात साखर किती, ते मी टपरीवाल्याला विचारून लिहिलं होतं, दीड चमचा. त्या म्हणाल्या, "आज घरी गेलात की एका वाटीत साडेतेरा चमचे साखर मोजून घाला आणि बघा." मी घातली. बायको आणि मुलगी दोघी बघत होत्या. वाटी जवळजवळ भरली. साठ-पासष्ट ग्रॅम साखर, रोज, नुसत्या चहातून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दिवसाची वरून घातलेली साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं म्हटलंय, ते डॉक्टरबाईंनी मला कागदावर लिहून दिलं होतं. त्याच कागदावर त्यांनी एक ताट काढलं होतं, गोल, आणि मधे रेघ. निम्म्या ताटात भाज्या आणि फळं. उरलेल्यात भाकरी-भात, डाळ-कडधान्य, दूध-दही. ते ताट अजून आमच्या फ्रीजवर चिकटवलेलं आहे.

चहा एकदम सोडायला त्यांनी सांगितलं नाही. दर पंधरवड्याला एक कप कमी, आणि साखर पाव चमच्यानं कमी. तीन महिन्यांत नवाचे तीन झाले. बिनसाखरेच्या चहाला चव असते, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

या दिवसांत सल्ले खूप मिळाले. कुणी भात सोडायला सांगितला, कुणी रात्रीचं जेवण, कुणी मध-लिंबाचं पाणी, एकानं तर कसलीशी पावडर आणून दिली. सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांच्यामुळे मी खरोखर बदललो ते सगळे आधी मला काहीतरी विचारणारे निघाले. वह्या चाळताना आज हे जाणवलं.

आणि यात आजी सगळ्यांच्या पुढे.

तेव्हा माझी ड्यूटी माण तालुक्यातल्या एका गावच्या मुक्कामी गाडीवर होती. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन जायचं, रात्री देवळापाशी गाडी लावायची, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. गावातली माणसं ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायला वाढतात, ही जुनी रीत अजून आहे तिथे. आजींचं घर देवळाला लागून. पहिल्या रात्री मी ताटावर बसलो आणि सवयीनं तिसरी भाकरी मागितली. आजी तव्यापाशीच बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लेकरा, भूक हाय का अजून, का सवय हाय?" त्यांना भाकरी वाचवायची नव्हती. भाकरी त्यांनी थापलेली होतीच, तव्यात फुगलेली होती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी थांबलो. पोटाला विचारलं म्हणा. भूक नव्हती. किती वर्षांत मी हे तपासलंच नव्हतं. वेळ झाली की बसायचं आणि ताट रिकामं होईपर्यंत उठायचं नाही, एवढंच ठाऊक.

"न्हाई आजी," म्हणालो. "मग राहू दे. सकाळी दुधात खा," म्हणाल्या, आणि भाकरी फडक्यात गुंडाळली.

त्या वहीत त्या रात्रीसमोर मी फक्त 'भाकरी दोन' लिहिलंय. त्यामागे हे सगळं आहे.

हुलग्याचं माडगं मला त्यांनीच शिकवलं. आईच्या हातचं लहानपणी खाल्लं होतं, मग घरातून ते गेलंच, गरिबीचं अन्न म्हणून. हुलगे मंद आचेवर खरपूस भाजायचे, जात्यावर नाहीतर मिक्सरवर दळायचे, ते पीठ ताकात कालवून लसूण-जिऱ्याच्या फोडणीत घालायचं आणि हलवत राहायचं, गाठ होऊ द्यायची नाही. शंभर ग्रॅम हुलग्यात जवळपास २२ ग्रॅम प्रथिनं असतात, हे मला डॉक्टरबाईंकडून कळलं. आजींना ते आकडे माहीत नव्हते. त्यांना एवढं माहीत होतं की रात्री वाडगाभर माडगं पिऊन झोपलेला माणूस पहाटे हलका उठतो. हिवाळ्यात तो उठतोच, मी सांगतो. एका पहाटे निघताना त्यांनी दोन किलो हुलग्यांची पिशवी सीटशेजारी आणून ठेवली. पैसे काढले तर हात मागे घेतला.

घरात बदल केला तो बायकोनं, आणि तिच्याबद्दल लिहायला चार पानं पुरायची नाहीत. माझ्यासाठी वेगळं आणि घराला वेगळं, असं तिनं एक दिवसही केलं नाही. चौघांना महिन्याला पाच लिटर तेल लागायचं, ते अडीचवर आणलं, हळूहळू, कुणाच्या जिभेला कळू न देता. मी कोरेगावहून वाघ्या घेवडा आणायचो, त्याची उसळ ती कांदा-खोबऱ्याच्या वाटणात एक पळी तेलात करते. भरल्या वांग्यांचं तेल वर तरंगत नाही आता, पण चव आहे तीच. माझी पहाटेची ड्यूटी असली की ती चार वाजता उठते. आई सुरुवातीला रडकुंडीला यायची, "पोरगं वाळलं माझं." आता आईचेच गुडघे बरे आहेत.

अण्णांचं सांगितलं पाहिजे. ते निवृत्त पीटीचे शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे, रोज अजिंक्यतारा किल्ला चढतात. मागच्या जानेवारीत पहिल्या दिवशी मी वाटेवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत जाताना तीनदा बसलो. त्यांनी विचारलं, "दम लागतोय की पाय दुखतात?" दम लागत होता. "मग माझ्याशी बोलत चल. बोलता आलं नाही तर तू जास्त वेगात आहेस." एवढाच त्यांचा नियम. पाच महिन्यांत किल्ल्यावरच्या मंगळाईच्या देवळापर्यंत पोचायचं असं ठरलं होतं.

पण मे महिना आला. लग्नसराई, शाळांच्या सुट्ट्या, जादा गाड्या, डबल ड्यूट्या. ४ मे ते ८ जूनपर्यंतची पानं या वह्यांमध्ये नाहीत. मी लिहिणं सोडलं, डबा सोडला, चढणं सोडलं. पुन्हा वडा, पुन्हा गोड चहा. साडेतीन किलो परत आलं. डॉक्टरबाईंची तारीख चुकवली, कारण तोंड दाखवायची लाज वाटत होती. अण्णा दिसले तर मी रस्ता बदलायचो.

९ जूनला संध्याकाळी गाडी लावली, उतरलो, तर फलाटावरच्या बाकावर अण्णा बसलेले. पाऊस होता, छत्री मिटून शेजारी ठेवलेली. कंट्रोलरकडे माझ्या ड्यूट्यांची चौकशी करून, बस कधी येते ते विचारून दीड तास थांबले होते. इतके दिवस का आला नाहीस, असं काही म्हणाले नाहीत. "उद्या तुझी सुट्टी आहे म्हणे. साडेपाचला मी चार भिंतींपाशी असतो." छत्री उघडली आणि गेले. त्या रात्री मी वही काढली आणि ९ जून लिहिलं. जे खाल्लं होतं ते सगळं लिहिलं, क्रीमरोलसकट. मला आजही ते पान उघडलं की गळा दाटतो.

गावाकडची कामं संपून पिकं हातात आली त्या सुमाराला, दिवाळीच्या आधी, मी मंगळाईपर्यंत न थांबता चढलो. वर धुकं होतं, समोरचा यवतेश्वरचा डोंगर दिसत नव्हता. अण्णा माझ्याशी सबंध वाट बोलत होते आणि मी उत्तरं देत होतो.

आता वजन ७८. कमर ९५. साखरेचा आकडा ५.६. डॉक्टरबाईंच्या हिशेबानं अजून आठ-दहा किलो जायला हवं, आणि घाई करू नका असंही त्या म्हणाल्यात. कुणी प्रवाशानं कंदी पेढा दिला तर मी एक खातो आणि लिहितो. दुपारच्या फेरीला डोळे उघडे असतात, टक्क. ही एक गोष्ट मिळाली तरी मला बाकी काही नको होतं. ते बाळ आता चालायला लागलं असेल.

आज दहिवडी स्टँडवर ताईंनी डबा उघडला तर त्यांच्याकडेही भोगीच. घेवडा, वांगी, गाजर, सोलाणे, पावटा, बोरं, उसाचे करवे, वरून तीळ. दोन घरच्या दोन भाज्या, वेगवेगळ्या मसाल्यांच्या. "न खाई भोगी तो सदा रोगी," ताई म्हणाल्या आणि माझ्या झाकणात त्यांची भाजी वाढली. माझ्या आईच्या तोंडची म्हण. इतकी वर्षं मी ती सणाची म्हण म्हणून ऐकत होतो. आज भाजी चावताना नीट ऐकली.

उद्या संक्रांत. सकाळी अण्णांकडे आणि डॉक्टरबाईंकडे जाऊन यायचं. ताईंना स्टँडवरच तिळगूळ देईन. ऑक्टोबरपासून माझी लाइन बदलली, मुक्कामी गाडी दुसऱ्याकडे गेली, आणि आजींना भेटलेलो नाही. म्हणून उद्याची ड्यूटी त्या ड्रायव्हरकडून बदलून मागून घेतलीय. तो लगेच हो म्हणाला, त्यालाही संक्रांतीला घरी राहता येईल. कंट्रोलरला सांगून झालंय. बायकोनं तिळाच्या वड्यांचा डबा भरून ठेवलाय, शिवाय एक नऊवारी, आजींसाठी. काळी चंद्रकळा घ्यावी असं तिचं म्हणणं होतं, तीच घेतली.

आजींना चौथी वही दाखवायची आहे. त्यांना वाचता येत नाही. वाचून दाखवेन.

रात्री पावणेनऊ: हुलग्याचं माडगं, एक वाडगा. भूक लागली होती.