पाक लागला वाटतं

"गॅसवर काय ठेवलंयस गं? पाक लागल्याचा वास येतोय," आई आतून ओरडली. गॅस बंद होता. वास माझ्या मनगटाला येत होता. मावसबहिणीने दिलेलं परफ्यूम मी त्या दिवशी पहिल्यांदा फवारलं होतं. खोक्यावर कॅरॅमल, व्हॅनिला, टोंका बीन. वाचूनच भूक लागावी.

आईचं नाक चुकत नाही. या जातीच्या सुगंधांना 'गुरमाँ' म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चक्क खादाड. यांचं कूळ 1992 साली आलेल्या 'एंजल' या परफ्यूमपासून धरतात. त्यात एथिल माल्टॉल नावाचं गोड वासाचं रसायन सढळ हाताने ओतलं होतं. जत्रेत बुढ्ढी के बालच्या यंत्रापाशी जो गोड धूर नाकात जातो ना, तोच वास. पण नुसती साखर माणूस किती वेळ हुंगणार? म्हणून जोडीला पॅचुली: मातकट, कडसर, ओल्या लाकडासारखी. शिऱ्यात चिमूटभर मीठ घालावं तशी. 19व्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या त्या कसर लागू नये म्हणून याच झाडाची पानं घालून. माझ्या बाटलीत नेमकं ते मीठच विसरलेलं. पहिली दहा मिनिटं पाक आणि फक्त पाक.

म्हटलं, हे थंडीचं अत्तर आहे, त्याला थंडीतच जोखू. उन्हात सुगंध भराभर उडतो, गोड असला तर अंगावर येतो. गारठ्यात तोच सावकाश, जपून सुटतो. आपल्याकडे हे सांगायला रसायनशास्त्र लागलं नाही. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना. दिवाळीत अभ्यंगस्नान झालं की आजोबा कानात हिन्याचा फाया खोचायचे, तो दुपारच्या झोपेनंतरही दरवळायचा.

पहाटे शालीवर एक फवारा मारून टेकडीवर गेले. अकरा-बारा अंश असतील. आणि काय सांगू, पाक मागे सरला! चढ संपेपर्यंत उरली ती दुधाळ, उबदार व्हॅनिला, बासुंदीचं पातेलं शेजारच्या घरात उतरवल्यासारखी. मी फिदा.

पण पुण्याची थंडी दहा वाजता संपते. दुपारी तीस अंशात, गच्च भरलेल्या बसमध्ये, त्याच उत्साहात मानेवर मारलेले तीन फवारे जागे झाले. शेजारच्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीशी झटापट सुरू केली. खिडकी उघडेना. माझा स्टॉप अजून सहा थांबे दूर होता.

आता ते मानेवर नाही. शालीच्या टोकाला एकच फवारा, तोही ऊन चढायच्या आत.

रविवारी आई तीच शाल पांघरून चहा घेत बसली होती. मधेच तिने पदर नाकाशी नेला.

"हिला छान वास येतोय गं. कसला?"

"पाकाचा."