बिचारा अल्टरनेटर

टर्बो, टॉर्क, मायलेज यावर तासभर बोलणारे ढिगाने भेटतात, पण अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून गाडीसाठी वीज बनवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग, आवडतो म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू.

त्याची पंचाईत बघा ना. आपला वेग त्याच्या हातातच नाही, इंजिन फिरवेल तसं फिरायचं. गाडी सिग्नलला उभी, इंजिन जेमतेम ८०० आरपीएमवर, आणि नेमके तेव्हाच हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर सगळे करंट मागत बसलेले. म्हणून त्याची पुली लहान ठेवतात, इंजिनाच्या एका फेऱ्यात हा अडीच-तीन फेरे मारतो. आता तेच इंजिन ६००० ला नेलं की हा गडी १५-१८ हजारांवर! एवढ्या वेगात तारांचं नाजूक वाइंडिंग टिकणार कसं?

इथे रोटरचं, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचं, डिझाइन मला भयंकर आवडतं. खोललेला अल्टरनेटर मिळाला तर नक्की बघा. शाफ्टभोवती एकच साधी गोल कॉइल, आणि दोन्ही बाजूंनी तिच्यावर वाकलेले जाडजूड लोखंडी पंजे, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफल्यासारखे. बहुतेकांत सहा-सहा बोटं असतात, कॉइलमध्ये करंट गेला की एक पंजा चुंबकाचा नॉर्थ, दुसरा साउथ, म्हणजे एका कॉइलमध्ये १२ पोल (ध्रुव)! वेगळे १२ पोल गुंडाळायचं कामच नाही, कॉइल आत सुरक्षित, वर नुसतं लोखंड.

दुसरी गंमत करंटची. आधीच्या गाड्यांत हेच काम करणाऱ्या डायनॅमोत सगळा लोड फिरत्या वाइंडिंगमधून (आर्मेचर) त्यावर घासणाऱ्या कार्बन ब्रशमार्फत बाहेर यायचा, त्यामुळे ठिणग्या, झीज, कटकट. इथे उलटं केलं, फिरतं फक्त चुंबक, त्याच्या ब्रशमधून तीन-चार अँपिअर गेले तरी बास, आणि शंभरेक अँपिअर निघतात ते भोवती जागच्या जागी बसलेल्या वाइंडिंगमधून, म्हणजे स्टेटरमधून. फक्त हा करंट एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा असतो, त्याचा एकाच दिशेचा डीसी करायला डायोड लागतात, आणि सिलिकॉनचे डायोड स्वस्त होईपर्यंत सगळं अडलेलं. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर दिला आणि मग डायनॅमोचे दिवस भरले. डायोड उलटा करंट जाऊच देत नाहीत, त्यामुळे बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जाऊ नये म्हणून लागणारा कटआउट रिलेसुद्धा गेला.

एफिशियन्सी म्हणाल तर साधारण ५५-६० टक्के, बाकीची उष्णता. काही लोक यावर नाक मुरडतात, मला ते पटत नाही. स्वस्त, दणकट, तापल्या इंजिनाला चिकटून वर्षानुवर्षं चालणारी वस्तू हवी असेल तर एवढं सोडावं लागतं. आणि हो, आतल्या पंख्याची पाती बऱ्याचदा मुद्दाम असमान अंतरावर लावलेली असतात, एकसारखी लावली तर एकाच सुरात शिट्टी वाजते म्हणून. कोणीतरी बसून एवढा विचार केलाय राव!

एवढं असून काही जण अजून चालू गाडीत बॅटरीची केबल काढून चार्जिंग चेक करतात. अहो, रोटरचं चुंबकत्व लगेच उतरत नाही, लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणात शंभराच्या आसपास उडू शकतं, नवीन डायोड ते बरंच दाबून धरतात म्हणून निभावतं, नाहीतर ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) गेला. सरळ मीटर लावा, इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दिसलं की झालं. स्मार्ट चार्जिंगवाली, म्हणजे गरजेप्रमाणे चार्जिंग व्होल्टेज बदलणारी गाडी असेल तर आकडा खाली-वर होतो, लगेच मेकॅनिककडे पळू नका.