स्वयंसेवी अग्निशमन दलात स्त्रियांच्या हाती सूत्रे

स्वयंसेवी, म्हणजे पगारी नसलेल्या सभासदांच्या, अग्निशमन दलात स्त्रियांना प्रवेश द्यावा की नाही, हा वाद बऱ्याच देशांत आता मागे पडला आहे. माझ्या मनात घोळत राहतो तो त्यापुढचा प्रश्न: आगीची वर्दी आल्यावर पहिला बंब घटनास्थळी पोहोचतो, तेव्हा आदेश देणारी व्यक्ती स्त्री असण्याचा प्रसंग इतका विरळा का असावा? अमेरिकेतील २०२० सालच्या आकडेवारीनुसार पगारी जवानांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर स्वयंसेवी जवानांमध्ये सुमारे ११ टक्के होते. स्वयंसेवी दलाचे दार स्त्रियांसाठी अधिक उघडे आहे, हे त्यातून दिसतेच. पण दारातून आत येणे आणि दलाची सूत्रे हाती घेणे यांत बरेच अंतर आहे.

खरे तर नेतृत्वाची सुरुवातही स्वयंसेवी सेवेतच झाली. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजातील विद्यार्थिनींनी १८७८ साली स्वतःचे अग्निशमन दल उभारले आणि ते १९३२ पर्यंत चालवले. त्या दलात सराव घेणाऱ्या आणि आदेश देणाऱ्या कप्तानही विद्यार्थिनीच असत. ऑरेगन राज्यातील ब्यूट फॉल्स या लहानशा गावात रूथ कॅपेलो १९७३ मध्ये दलप्रमुख झाल्या, आणि अमेरिकेतील पहिल्या ज्ञात महिला दलप्रमुख म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. पगारी जवान म्हणून अमेरिकेत ज्यांना पहिले स्थान दिले जाते त्या ज्यूडिथ लिव्हर्स सेवेत आल्या त्या १९७४ साली. या नोंदींप्रमाणे गावच्या दलाची प्रमुख स्त्री आधी झाली आणि पगारी दलातील साधी जवान स्त्री त्यानंतर, हा क्रम मला फार बोलका वाटतो.

नेतृत्वासाठी अंगात बळ हवे, हा समज अजूनही गेलेला नाही. नोझल, म्हणजे पाण्याच्या नळीचे तोंड, धरायला, शिडी लावायला, बेशुद्ध माणसाला ओढून बाहेर काढायला ताकद लागते, यात शंका नाही, आणि ती कसोटी स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच असली पाहिजे. कप्तानाचे काम मात्र वेगळे असते. एका सरावात मी एका महिला कप्तानाचे काम अगदी जवळून पाहिले. बंबातून उतरल्यावर तिने आधी इमारतीभोवती पूर्ण फेरी मारली. धूर कोणत्या रंगाचा आहे, किती जोराने बाहेर पडतो आहे, कोणत्या खिडकीची काच काळवंडली आहे, हे पाहून मगच तिने वायरलेसवर दोन वाक्यांत आदेश दिला. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला फलकावर लागल्याशिवाय तिने कोणालाही उंबरठा ओलांडू दिला नाही. श्वसनयंत्राचे अर्ध्या तासाचे म्हणवले जाणारे सिलिंडर जोराच्या कामात त्याच्या कितीतरी आधी संपते, हे ध्यानात ठेवून ती ठरावीक वेळाने आतल्यांना किती हवा उरली आहे ते विचारत होती, आणि हवा कमी झाल्याची शिट्टी वाजण्याआधीच तिने पहिली जोडी बाहेर बोलावली. त्या सबंध वेळात तिने पाण्याच्या नळीला हातही लावला नाही, आणि तेच बरोबर होते, कारण कप्तान स्वतः पाणी मारू लागला की आत किती माणसे आहेत याचा हिशेब ठेवायला कोणी उरत नाही.

मग वाट अडते कुठे? अनेक स्वयंसेवी दलांत कप्तान आणि दलप्रमुख सभासदांच्या मतदानाने निवडले जातात. या पद्धतीविषयी मला आदर आहे, कारण ज्याच्या शब्दावर आपण आगीत शिरणार त्याला निवडण्याचा हक्क आपला असावा, हे न्यायाचेच आहे. परंतु मत पडते ते ओळखीवर आणि डोळ्यांसमोर झालेल्या कामावर. हिशेब, निधी उभारणी, शाळांतील जनजागृती ही कामे स्त्रियांकडे आपसूक जातात. ती वर्षानुवर्षे चोख करणारी स्त्री दल जिवंत ठेवते, आणि तरीही निवडणुकीच्या दिवशी ‘हिला आगीचा अनुभव कुठे आहे?’ असे विचारले जाते. तो अनुभव तिला कोणी मिळू दिला नाही, ही गोष्ट त्या प्रश्नात दडून जाते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

अडथळे साधनांतही आहेत. पुरुषी मापाच्या सैल हातमोज्यांत पकड नीट येत नाही, आणि चेहऱ्यावर घट्ट न बसणारा मास्क तर थेट जिवावरच बेततो. रात्री वर्दी आली तर घरातल्या लहान मुलांजवळ कोण थांबणार, याची सोय बहुतेक वेळा स्त्रीलाच करावी लागते. ती न झाल्यामुळे तिच्या हजेऱ्या कमी भरतात, आणि पदासाठी नाव सुचवताना तीच हजेरी पुढे केली जाते.

मतदान बंद करावे, असे मी म्हणणार नाही. पंप चालवणे, नोझलवर पुढे असणे आणि सरावात आदेश देणे, या तिन्ही कामांची पाळी प्रत्येक पात्र सभासदाला नेमून दिली जावी, तिची नोंद ठेवली जावी, आणि ती नोंदवही मतदानाच्या आधी सर्वांसमोर वाचली जावी, एवढीच माझी मागणी आहे. कामाची पाळी हुकली असेल तर ती का हुकली, याचे उत्तर देण्याची जबाबदारी सभासदाइतकीच दलप्रमुखांचीही असावी.