नैरोबीतला आजचा दिवस

आज नैरोबीच्या ईस्टलँड्स भागातल्या एका शाळेत, सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मुलांना आमचं गणिताचं ॲप वापरताना पाहिलं. फार बरं वाटलं.

रुपयांच्या जागी शिलिंग टाकून इथे भागत नाही. केनियाने १९८५ पासूनची ८-४-४ रचना (आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ) सोडून २०१७ मध्ये क्षमताधारित अभ्यासक्रम आणायला सुरुवात केली. त्यामुळे आमचा प्रत्येक धडा नव्याने बांधावा लागतोय, आणि तो बांधायलाच हवा. मुलं इथली आहेत.

मधल्या सुट्टीत बाईंनी स्वतःचा बटणांचा फोन पुढे केला. म्हणाल्या, बऱ्याच पालकांकडे हाच आहे. पण एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायची इथली सेवा, यावरही चालतं! २००७ पासून लोक त्यावर पैसे पाठवतायत, शाळेची फीसुद्धा. मग वर्षाची वर्गणी एकरकमी कशाला मागायची? आठवड्याला थोडे शिलिंग घेतले तर रोजंदारीवरच्या घरालाही झेपेल. माझ्या मते इथे हाच मार्ग बरोबर आहे, नफा उशिरा आला तरी चालेल.

बाईंनी मटाटूच्या (इथल्या प्रवासी मिनीबसच्या) भाड्यावरची उदाहरणं लिहून दिलीत, ती रात्रीच पुण्याच्या टीमला पाठवतोय. केनियात शिकवणारं कुणी ओळखीचं असेल तर जरूर कळवा, मला भेटायचंय.