इझाबेलाचा राग येतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' ही जपानी ॲनिमे मालिका बघितलेली आमच्या होस्टेलची जवळपास प्रत्येक मुलगी मला कधी ना कधी गाठते अन् विचारते, "मॅडम, तुम्हाला त्या मम्माचा राग येत नाही का?" लातूरच्या ट्यूशन एरियात मुलींचं होस्टेल सांभाळणाऱ्या बाईलाच हे का विचारतात, ते न कळण्याएवढी मी भोळी नाही. गेटच्या किल्ल्या माझ्याकडे, रजिस्टरही माझ्याकडेच.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रेस फील्ड नावाचं अनाथालय. पांढऱ्या कपड्यांतली लेकरं, मानेवर नंबर, रोजची परीक्षा, पोटभर जेवण अन् जीव लावणारी इझाबेला, म्हणजेच ती मम्मा. बारा वर्षांचं व्हायच्या आत प्रत्येकाला दत्तक देतात म्हणे. पहिल्याच भागात एमा अन् नॉर्मन ही तिथलीच दोन मोठी लेकरं, दत्तक निघालेल्या कॉनीचा विसरलेला कापडी ससा द्यायला गेटवर जातात, तेव्हा कळतं की ही सगळी लेकरं राक्षसांच्या ताटासाठी पोसलेली आहेत. ज्याचे मार्क जास्त, त्याला जास्त दिवस ठेवायचं, कारण त्याचा मेंदू जास्त मोलाचा. इथं आमच्या मुली "लातूर पॅटर्न!" म्हणून खिदळतात. मला तेवढं हसू येत नाही.

तर राग नाही येत, धास्ती बसते. इझाबेला कधी ओरडत नाही. हरवलेल्या चिमुरडीला ती खिशातल्या घड्याळासारख्या यंत्रावर बघून जंगलातून अलगद उचलून आणते अन् ते यंत्र एमा-नॉर्मनला दिसेल असं धरते. बस्स. तुम्ही कुठंही जा, मला कळतं. आठव्या भागात ती एमाचा पाय मोडते, तेव्हासुद्धा आवाज चढत नाही. ज्या जपानी चित्रकथेवरून (मांगा) ही मालिका केली, तिच्यात पोरांच्या मनातले विचार पानोपानी लिहिलेत. दिग्दर्शक मामोरु कानबे यांनी 2019च्या पहिल्या सीझनमध्ये ते बरेचसे काढून टाकले. त्यामुळं आपल्याला फक्त चेहरे दिसतात, अन् कोणाला काय कळलंय हे आपणच ओळखत बसायचं. सस्पेन्स म्हणतात तो हाच. मी पण दिवसभर हेच करते की. कोणी ताटात भाकरी तशीच ठेवली, कोण फोनवर "बरंय" म्हणून लवकर ठेवते.

शेवटच्या भागात कळतं की लहानपणी इझाबेलासुद्धा पळून जायला अनाथालयाच्या भिंतीवर चढली होती. पलीकडं कडा बघून परत उतरली. पंधरा लेकरं तो कडा दोरीवरून ओलांडून जातात, अन् ही उभी राहून केस मोकळे सोडते. तिथं मला रडू आलं, लपवत नाही.

पण खरं सांगू? एमापेक्षा मला फिल जास्त लक्षात राहिला. चार वर्षांचं लेकरू, सगळं माहीत असून मागं राहतं, बाकीच्या चिमुरड्यांत हसत-खेळत. पळणं त्यामानानं सोपं.

2021चा दुसरा सीझन? त्याबद्दल विचारू नका. चित्रकथेतला गोल्डी पाँडचा अख्खा भाग गाळला, घाईघाईत उरकला.

अन् मुलींनो, बघायचंच असेल तर रविवारची टेस्ट झाल्यावर बघा. दहाला वायफाय बंद होतं म्हणजे होतंच.